जोडीने विकला जाणारा थवा

आपल्याकडे शोभेचे मासे जोडीने विकले जातात. दुकानातल्या टाकीच्या काचेवर मार्करने लिहिलेलं असतं: टायगर बार्ब, अमुक रुपये जोडी. शेजारच्या टाकीवर मॉली जोडी, त्याच्या शेजारी एंजल जोडी. त्यात नर कोणता आणि मादी कोणती हे विचारलं, तर दुकानदार जाळी पाण्यात घालता घालताच म्हणतो, “मिक्स आहे, साहेब.” त्याच्यासाठी जोडी हे नुसतं भाव सांगायचं माप, केळ्यांच्या डझनासारखं. घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र जोडी म्हणजे संसार! दोघं आहेत म्हणजे एकमेकांना सोबत होईल, असं त्याला वाटतं. ह्याची एक जोडी, त्याची एक जोडी करत तो सहा जातींचे बारा मासे दोन फुटी टाकीत आणून सोडतो. आठवड्याभराने दुकानात परत येतो तो तक्रार घेऊनच. एंजलची शेपटी कोणीतरी खाल्ली.

माझी सुरुवातही अशीच झाली. टायगर बार्बच्या दोन जोड्या आणि हातभर डौलाचा एक एंजल. तिसऱ्या दिवशी सकाळी एंजलच्या पोटाखालचे दोन लांब धागे गायब होते आणि पाठीचा उंच पर कात्रीने कापल्यासारखा झाला होता. मी चारही बार्ब पिशवीत भरून दुकानात परत देऊन आलो. दुकानदाराने मान डोलावली, “बार्ब बदमाशच असतो.” त्याने ते चौघे पुन्हा त्याच टाकीत सोडले. तिथे साठ-सत्तर बार्ब होते आणि एकाचाही पर फाटलेला नव्हता. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ लागायला मात्र पुढे दोन वर्षं गेली.

टायगर बार्ब मूळचा सुमात्रा आणि बोर्निओतला. तिथल्या जंगलातल्या ओढ्या-नाल्यांत तो राहतो. डच ईस्ट इंडीजमध्ये लष्करी डॉक्टर म्हणून गेलेल्या पीटर ब्लीकर यांनी १८५५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि अंगावरच्या चार काळ्या पट्ट्यांवरून त्याला ‘टेट्राझोना’ हे नाव दिलं. २०१३ मध्ये मॉरिस कोटलाट यांनी त्याला ‘पुंटिग्रस’ या नव्या प्रजातीत घातलं. पुंटियस आणि टायग्रिस या दोन नावांचा तो सांधा. म्हणजे शास्त्रज्ञांनाही त्याच्यात वाघ दिसलाच. पूर्ण वाढला तरी तो सहा-सात सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. पण आकाराच्या मानाने त्याच्या अंगात इतकी धग असते, की दिवसभर एक क्षण तो स्वस्थ बसत नाही.

या माशांच्या थव्यात उतरंड असते. कोंबड्यांच्या खुराड्यात कोण कोणाला चोच मारू शकते आणि कोणाला नाही, याचा ठरलेला क्रम असतो, हे नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं. तशीच उतरंड बार्बच्या थव्यात दिसते. वरचा खालच्याच्या अंगावर धावून जातो, खालचा परांची घडी करून बाजूला होतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. क्वचित एखादा चिमटा शेपटीला बसतो. हे रोज, तासातासाला चाललेलं असतं आणि त्यात थव्याचं काही बिघडत नाही.

आता हा हिशेब चारावर आणून पाहा. पहिला दुसऱ्याला हाकलतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिघांचाही राग निघतो चौथ्यावर. चौथ्याला चिमटे वाटून घ्यायला कोणी नाही, लपायला जागा नाही आणि थव्यात मिसळून जावं तर थवाच नाही. दोनच मासे असतील तर एक कायमचा मारणारा आणि दुसरा कायमचा मार खाणारा. दहा झाले की चित्र पालटतं. म्होरक्या एकाच्या मागे लागतो न लागतो, तोवर मध्ये तिसराच आडवा येतो आणि सगळे सारख्याच पट्ट्यांचे असल्याने आपण नेमके कोणामागे होतो हेच त्याला समजेनासं होतं. शिकारी मासा थव्यात शिरल्यावर त्याची जी फसगत होते, तीच घरातल्या दादाचीही होते.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात घरच्या टाकीत सर्रास ठेवले जाणारे चार मासे घेऊन गटाच्या आकाराचा परिणाम तपासला होता. निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, एंजल आणि आपला टायगर बार्ब. प्रत्येक जात एकटी, दोन, पाच आणि दहा अशा गटांत ठेवली. थव्याने राहणाऱ्या माशांचं एकत्र पोहणं गट मोठा होत गेला तसं वाढलं. काटकसरीने घेतलेली एक जोडी या माशांसाठी किती तोकडी पडते, ते यावरून दिसतं.

चार बार्बना आपसात भांडून पुरेसं होत नाही, तेव्हा ते शेजाऱ्याकडे वळतात. शेजारी मंद पोहणारा, लांब परांचा असेल तर विचारायलाच नको. एंजल, फायटर, गप्पी, गुरामी हे सगळे त्याच मापाचे. माशाला हात नसतात हे आपण विसरतो. समोरची वस्तू काय आहे ते त्याला तोंडानेच चाचपून बघावं लागतं. पाण्यात हळूच लहरणारा एंजलचा धागा त्याला किड्यासारखा दिसला, तर त्याला तरी काय दोष द्यायचा? एकदा चावला, तुकडा तोंडात आला, चव लागली, की पुढच्या वेळी तो चाचपायचा थांबत नाही.

आणि चव असतेच. पर म्हणजे नुसतं कापड नाही. बारीक हाडांच्या काड्या आणि त्यांच्यावर ताणलेली कातडी, अशी ती छत्रीसारखी रचना आहे. काँगो नदीच्या खोऱ्यात ‘फागो’ आणि त्याचे भाईबंद असे काही मासे आहेत, की ते इतर माशांचे पर कापून खाण्यावरच जगतात. त्यांचे जबडे चिमट्यासारखे लांब झालेले असतात. दक्षिण अमेरिकेतल्या काही पिरान्हांची पिल्लंही लहानपणी इतरांच्या परांचे तुकडे तोडून पोट भरतात. भक्ष्य मरत नाही आणि खाल्लेला पर पुन्हा वाढतो, म्हणजे कापणी करावी आणि पीक पुन्हा उगवावं असाच हा मामला. पिरान्हाचे दूरचे चुलत भाऊ आपल्या टाकीत असतातच: टेट्रा. त्यातले निऑन आणि कार्डिनल शांत. पण लालभडक सर्पे टेट्रा आणि काळ्या झग्यातला विडो टेट्रा यांचं नाव कुरतडणाऱ्यांच्या यादीत टायगर बार्बच्या शेजारीच घ्यायला हवं. आपल्या दुकानांत हाच विडो गुलाबी, निळा, हिरवा रंगवूनही मिळतो. रंग टोचलेले मासे घेऊ नयेत हे माझं मत आहे आणि ते मी या पुस्तकात जागोजागी सांगणार आहे.

एक चावा जेवढ्यावर थांबतो असं आपल्याला वाटतं, तेवढ्यावर तो थांबत नाही. मधमाश्यांच्या नाचामुळे प्रसिद्ध झालेले कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ च्या सुमारास एक गोष्ट लक्षात आली. जखमी झालेला एक मिनो मासा पुन्हा थव्यात सोडला, की बाकीचे घाबरून दूर पळतात. त्यांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की माशाच्या कातडीतल्या खास पेशींत एक द्रव्य असतं आणि कातडी फाटली तरच ते पाण्यात उतरतं. त्यांनी त्याला ‘श्रेकस्टॉफ’, म्हणजे भीतीचं द्रव्य, असं नाव दिलं. बार्ब, टेट्रा, डॅनिओ, लोच हे सगळे याच मोठ्या गोतावळ्यातले. ही सोय त्यांच्यातही आहे. ओढ्यात असा वास आला की मासे पसार होतात. दोन फुटी टाकीत ते पसार होऊन जाणार कुठे? कोपऱ्यात दाटी करतात, अंगाला अंग लागतं, बिचकलेले मासे जेवत नाहीत. बिचकलेल्या माशाची रोगाशी लढायची ताकदही उतरते. फाटलेल्या परापेक्षा मासे मरतात ते जास्त करून या पुढच्या भागात.

म्हणून पर फाटलेला दिसला की औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी तो कशाने फाटला ते बघा. ओळखायला सोपं असतं, फक्त दहा मिनिटं काचेसमोर बसायची तयारी हवी. चाव्याची कड स्वच्छ असते. बिस्किटाचा घास घ्यावा तसा अर्धगोल तुकडा निघालेला असतो, नाहीतर शेपटीच्या टोकाला खाच पडलेली असते. उरलेला पर पारदर्शक आणि निरोगी दिसतो. पर कुजत असेल तर कड झिरमिळ्या सुटलेल्या जुन्या परकरासारखी होते. तिच्यावर पांढुरकी किंवा लालसर रेघ येते, काड्या उघड्या पडतात आणि मासा एकटा ठेवला तरी नुकसान रोज थोडं थोडं अंगाकडे सरकत राहतं. तिसरी शक्यताही विसरू नका: प्लॅस्टिकच्या वनस्पतींची टोकदार पानं, फिल्टरचं तोंड आणि घाईघाईने फिरवलेली जाळी. त्याने पर उभा चिरतो, तुकडा निघत नाही. नायलॉनचा जुना मोजा प्लॅस्टिकच्या पानावरून ओढून बघा. मोजा अडकला तर पर अडकणारच.

गोंधळ उडतो तो या गोष्टी एकामागून एक येतात तेव्हा. आधी चावा, मग अस्वच्छ पाण्यात त्याच जखमेवर एरोमोनास किंवा स्यूडोमोनास या जातीचे जिवाणू. कडेला कापसासारखं काही दिसलं की सगळे ‘फंगस’ म्हणतात. पुष्कळदा ती बुरशी असते, पण कधी कधी तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो. तो ऊबदार पाण्यात झपाट्याने पसरतो आणि एक-दोन दिवसांत मासा घेऊन जातो. अशा वेळी ‘उष्णता वाढवली की बरं होतं’ हा ऐकीव सल्ला नेमका उलटा पडतो.

आता दिलासा देणारी बाजू. माशाचा पर पुन्हा वाढतो आणि त्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं एका देशी माशाने शिकवलंय. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या आपल्या ग्रंथात एका निळ्या पट्ट्यांच्या चिमुकल्या माशाचं वर्णन केलं होतं. आज तोच झेब्राफिश जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. त्याच्या शेपटीचा अर्धा पर कापला, तर एका दिवसात जखमेवर कातडी ओढली जाते. कापलेल्या प्रत्येक काडीच्या टोकाशी पेशींचा छोटा उंचवटा तयार होतो आणि २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत पर जवळजवळ पूर्ववत होतो. फळमाश्यांवरच्या कामासाठी पुढे १९३३ चं नोबेल मिळालेले टी. एच. मॉर्गन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माशांच्या शेपट्या कापून त्यांची वाढ मोजत होते. त्यांना दिसलं, की काप जितका अंगाजवळ तितकी वाढ वेगाने होते. म्हणजे किती गमावलंय याची नोंद उरलेल्या भागात कुठेतरी असते. मात्र पराच्या मुळाशी, अंगाच्या आत, जो आधार असतो तोच गेला, तर पर परत येत नाही. चिमट्यांनी सहसा इतकं नुकसान होत नाही. दुर्लक्षित कुजण्याने होऊ शकतं.

नवा पर आधी बिनरंगी येतो. कडेला दुधट, काचेसारखी पट्टी दिसते आणि नवशिका माणूस ‘पुन्हा फंगस आलं’ म्हणून घाबरून निळं औषध ओततो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. ती पट्टी रोज बाहेरच्या बाजूला सरकत असेल तर ते वाढीचं लक्षण. आत सरकत असेल तरच काळजी करा.

मार खाणाऱ्याला वेगळं काढणं हा पहिला उपाय. त्यासाठी महागडी टाकी लागत नाही. पंधरा-वीस लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा टब, त्यात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा आणि वर झाकण, एवढ्यावर भागतं. स्पंज मोठ्या टाकीत आधीपासून चालवलेला असावा. कोरा स्पंज अमोनिया पचवू शकत नाही, हे आपण नायट्रोजन चक्राच्या प्रकरणात पाहिलंच. पाणी मुख्य टाकीतलंच घ्या आणि रोज किंवा एक दिवसाआड पाव हिस्सा बदला. पालिकेच्या नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन न विसरता घाला. बोअरवेलचं असेल तर दोन पाण्यांतला फरक एकदम अंगावर येऊ नये म्हणून थोडं थोडं मिसळा. साधं खडे मीठ लिटरला एक ग्रॅम, आधी मगमध्ये विरघळवून मगच टबात. साध्या चाव्याला याहून जास्त काही लागत नाही. मेथिलीन ब्लू वापरायचंच झालं तर टबातच आणि स्पंज काढून ठेवून. मुख्य टाकीत ते ओतलंत, तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, सिलिकॉनची शिवण कायमची निळी होते आणि कुरतडणारे बार्ब मात्र ठणठणीत राहतात. अँटिबायोटिकच्या गोळ्या कुस्करून टाकायची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्या मी पूर्ण विरोधात आहे. रोग कोणता आणि मात्रा किती हे माहीत नसताना आपण फक्त चिवट जिवाणू तयार करत असतो.

मासा बरा झाला म्हणून त्याच टाकीत, त्याच सोबत्यांत सोडला, तर चार दिवसांत टब पुन्हा भरावा लागतो. लोक विचारतात, मग दादाला काढून टाकू का? काढा, पण दुसऱ्या क्रमांकाचा त्याची जागा घेईल याची खात्री ठेवा. त्यापेक्षा म्होरक्याला दोन-तीन दिवस जाळीच्या पेटीत बसवून तेवढ्यात टाकीतले दगड, लाकूड, झाडं यांची जागा बदलून टाकावी. तो बाहेर येतो तेव्हा घर अनोळखी झालेलं असतं आणि आता तोच नवखा असतो. हा उपाय मजेशीर आहे आणि बऱ्याचदा लागू पडतो, पण तात्पुरता.

कायमचा उपाय आकड्यांत आहे. टायगर बार्ब आठ ते दहाच्या खाली ठेवू नयेत. हिरवा बार्ब आणि पिवळट अल्बिनो बार्ब ही त्याचीच रूपं आहेत. ते एकाच थव्यात मोजता येतात. पण दहा बार्बना दोन फुटी टाकी पुरणार नाही. २४ बाय १२ बाय १२ इंचांच्या टाकीत काठोकाठ धरलं तरी जेमतेम ५६ लिटर पाणी बसतं, त्यातून वाळू-दगडांची जागा वजा करा. तीन फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच टाकीत हाच आकडा १३० लिटरच्या वर जातो. लांबी महत्त्वाची, उंची नाही. या माशाला पळायला आडवी जागा हवी. जागा नसेल तर बार्ब घेऊच नये आणि चेरी बार्ब किंवा निऑनवर समाधान मानावं. दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

सोबत निवडताना पर आखूड आणि चाल वेगवान, एवढं बघा. झेब्रा डॅनिओ, आपला रोझी बार्ब चालतो. एंजल, फायटर आणि गप्पीला या टाकीच्या जवळपासही आणू नका. खाणं एकदाच भरपूर देण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. पोटात भूक असली की तोंड जास्त चालतं. नवे मासे आणले तर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मग सोडा, तेही दिवे मालवल्यावर.

जोडीच्या भावाचा सर्वांत मोठा बळी मात्र टायगर बार्ब नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळातल्या वेगवान ओढ्यांत लाल-काळ्या रेघेचा एक देखणा मासा राहतो. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. व्यापारात तो ‘मिस केरळ’ किंवा डेनिसन बार्ब म्हणून ओळखला जातो. २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं ‘सह्याद्रिया’. त्या चमूत पुण्याच्या आयसरचे नीलेश डहाणूकरही होते. निसर्गात तो संकटग्रस्त यादीत आहे. दुकानात तो बोटभर लांबीचा, जोडीने मिळतो. वाढून वीतभर होऊ शकतो आणि दोघं-तिघंच असले की एकमेकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मागे लागतो. पाच फुटी टाकी आणि निदान सहा माशांची तयारी नसेल तर तो काचेपलीकडेच राहू द्या.

माझ्याकडे सध्या तीन फुटी टाकीत अकरा टायगर बार्ब आहेत. त्यातल्या एकाच्या शेपटीला आज सकाळी छोटी खाच होती. काही दिवसांत ती भरून येईल. एंजलला मी दुसरी टाकी केली आहे. तुम्ही पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर “जोडी कितीला?” असं विचारू नका. “दहा घेतले तर काय भाव लावाल?” असं विचारा, बहुतेक दुकानदार थोडं कमी करतात.